विश्लेषण : रिव्हर क्रूझचा बुडापेस्टमधला एक दिवस... कुटुंबाने काय पाहावे, काय सोडावे?

डॅन्यूब नदीवरील क्रूझ सहलीत बुडापेस्टचा थांबा हा बहुतेक प्रवाशांसाठी सर्वांत मोठे आकर्षण असतो. मात्र प्रत्यक्षात शहर पाहायला मिळतात ते जेमतेम आठ-दहा तास. त्यातले दोन-तीन तास बसच्या खिडकीतून, एखादा तास तिकिटाच्या रांगेत आणि उरलेला वेळ ‘आपला ग्रुप कुठे गेला’ हे शोधण्यात जातो. सोबत गुडघेदुखीने त्रासलेले आजी-आजोबा आणि दहा मिनिटांत कंटाळणारी मुले असतील, तर कित्येक वर्षे पैसे साठवून केलेल्या सहलीतला हा दिवस फोटोंपुरताच उरतो. हा थांबा नेमका कसा असतो, शहर कसे समजून घ्यावे, नदी लहरी झाली तर काय होते आणि व्हिसाच्या बाबतीत कोणती चूक महागात पडते, याचा आढावा.

नदीवरची क्रूझ समुद्रातल्या क्रूझपेक्षा वेगळी कशी?

समुद्रातील मोठ्या क्रूझवर हजारो प्रवासी असतात. जहाज शहरापासून दूरच्या बंदरात लागते आणि तिथून बसने शहर गाठावे लागते. नदीवरचे जहाज तुलनेने लहान असते. डॅन्यूबवरील मोठ्या प्रवासी जहाजांची लांबी साधारण १३५ मीटर आणि रुंदी ११.४ मीटर असते. त्यातून साधारण दीडशे ते दोनशे प्रवासी जातात. ही रुंदी नदीने ठरवली आहे. ऱ्हाईन, माईन आणि डॅन्यूब या नद्यांना जोडणारा १७१ किलोमीटरचा कालवा १९९२ मध्ये पूर्ण झाला. त्यावरील जलपाशांची, म्हणजे जहाज वर-खाली करणाऱ्या बंदिस्त कप्प्यांची रुंदी १२ मीटर आहे. त्यापेक्षा रुंद जहाज तिथून जाऊच शकत नाही. उंचीवरही पुलांचे बंधन असते. म्हणून गच्चीवरचे कठडे, छत्र्या आणि काही जहाजांवर तर कप्तानाची केबिनही खाली घेता येईल अशी बनवलेली असते.

या जहाजाचा मोठा फायदा म्हणजे ते थेट शहराच्या मध्यभागी लागते. त्यामुळे बसची वाट पाहावी लागत नाही, पाय दुखले तर खोलीत परतता येते आणि दुपारचे जेवण जहाजावर घेऊन पुन्हा बाहेर पडता येते. तीन पिढ्या एकत्र असतील तर ही सोय फार मोलाची ठरते. तोटा एकच. जहाज ठरलेल्या वेळेला सुटते आणि उशिरा येणाऱ्यासाठी थांबत नाही. चुकलेल्याला पुढचे शहर स्वतःच्या खर्चाने गाठावे लागते.

बुडापेस्टमध्ये जहाज कोठे लागते?

बहुतेक जहाजे नदीच्या पेस्ट बाजूला, चेन ब्रिज ते लिबर्टी ब्रिज या पट्ट्यातील धक्क्यांवर लागतात. गर्दीच्या हंगामात जागा अपुरी पडते. मग दोन-तीन जहाजे एकमेकांना खेटून उभी केली जातात आणि बाहेरच्या जहाजातील प्रवाशांना शेजारच्या जहाजातून चालत काठावर यावे लागते. बाल्कनीची खोली घेऊनही समोर डॅन्यूबऐवजी शेजारच्या जहाजाची खिडकी दिसणे, हा अनुभव या प्रवासात अनेकांना येतो. म्हणून उतरताना तीन गोष्टी टिपून घ्याव्यात : धक्क्याचा क्रमांक, जवळच्या पुलाचे नाव आणि सर्वांनी परत येण्याची वेळ. काही जहाजे सकाळी प्रवाशांना सोडून दुपारी दुसऱ्या धक्क्यावर जातात. ते आधीच विचारून ठेवलेले बरे.

काठावर किलोमीटरचे आकडे लिहिलेले दिसतात. काही नद्या उगमाकडून मोजल्या जातात. डॅन्यूब मात्र मुखापासून उलटी मोजली जाते. बुडापेस्टचा आकडा साधारण १६४७ आहे, म्हणजे इथून काळा समुद्र नदीमार्गाने अजून तेवढे किलोमीटर दूर आहे. सुमारे २८५० किलोमीटर लांबीची ही नदी दहा देशांना स्पर्श करते आणि व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट व बेलग्रेड या चार राजधान्यांमधून वाहते.

हे शहर नदीकाठावरूनच का समजते?

कारण बुडापेस्ट हे मुळात एक शहर नव्हतेच. पश्चिमेला डोंगरावरचे बुडा, पूर्वेला सपाटीवरचे पेस्ट आणि उत्तरेला जुने ओबुडा अशी तीन गावे १८७३ मध्ये एकत्र झाली. बुडा हे राजाचे आणि किल्ल्याचे, पेस्ट व्यापाऱ्यांचे. मध्ये विस्तीर्ण नदी. हिवाळ्यात नावांवर टाकलेला तरंगता पूल काढून ठेवावा लागे आणि बर्फ वाहू लागला की दोन्ही काठांचा संबंध तुटे. काउंट इश्तवान सेचेनी यांना १८२० मध्ये वडिलांच्या अंत्यविधीला जाताना नदी ओलांडण्यासाठी आठवडाभर खोळंबावे लागले आणि त्यातूनच कायमच्या पुलाचा ध्यास त्यांनी घेतला, असे सांगितले जाते. त्यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला चेन ब्रिज १८४९ मध्ये खुला झाला. आराखडा विल्यम टिअर्नी क्लार्क या इंग्रज अभियंत्याचा, तर बांधकामावर देखरेख अॅडम क्लार्क या स्कॉटिश अभियंत्याची. आडनाव एकच असले तरी दोघांचे नाते नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात माघार घेताना जर्मन सैन्याने शहरातील पूल उडवून दिले. जानेवारी १९४५ मध्ये डॅन्यूबवरचा एकही पूल शाबूत नव्हता. चेन ब्रिज दुरुस्त होऊन बरोबर शंभर वर्षांनी, १९४९ मध्ये पुन्हा सुरू झाला. जवळच्या एलिझाबेथ ब्रिजचे मूळ रूप मात्र परत आले नाही. तिथे १९६४ मध्ये आजचा पांढरा, साधा पूल उभा राहिला. त्यामुळे जहाजाच्या गच्चीवर बसून पूल मोजले, तरी शहराचा दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास डोळ्यांसमोरून जातो. आजी-आजोबांना हा भाग एकही पायरी न चढता पाहता येतो.

लिबर्टी ब्रिजपासून मार्गारेट ब्रिजपर्यंतचा काठ जेमतेम तीन-साडेतीन किलोमीटरचा आहे. बाजारपेठ, किल्ला, पार्लमेंट आणि युद्धाचे स्मारक हे सारे या पट्ट्यात किंवा त्याच्या लगत आहे. १९८७ पासून या काठाला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान आहे. एका दिवसाचे नियोजन करताना हा पट्टा धरून राहणे हेच शहाणपणाचे.

सकाळची वेळ कोठे घालवावी?

बुडा बाजूच्या किल्ल्याच्या टेकडीवर. क्रूझच्या भाड्यात असलेली बसची फेरी बहुधा इथेच येते. त्यामुळे टेकडीवर सर्वाधिक गर्दी सकाळी दहा ते बारा या वेळेत होते. स्वतंत्रपणे जाणाऱ्यांनी नऊच्या आधी पोहोचावे. चेन ब्रिजच्या बुडा टोकाशी असलेली फ्युनिक्युलर रेल्वे १८७० मध्ये सुरू झाली. महायुद्धात ती उद्ध्वस्त झाली आणि १९८६ मध्ये पुन्हा धावू लागली. नाशिक जिल्ह्यातील सप्तशृंगी गडावरची फ्युनिक्युलर ट्रॉली पाहिलेल्यांना तिची रचना लगेच कळेल. इथला मार्ग मात्र केवळ ९५ मीटरचा आहे आणि त्यासाठी कधी कधी अर्ध्या तासाहून अधिक रांग लागते. रांग मोठी असेल तर सरळ बस पकडावी. पेस्टमधील देआक चौकातून १६ क्रमांकाची बस टेकडीवर जाते.

वर पाहण्यासारख्या दोन जागा शेजारी-शेजारी आहेत. पहिली मॅथियस चर्च. रंगीत कौलांच्या या चर्चचा तुर्की राजवटीत, म्हणजे १५४१ ते १६८६ या काळात, मशीद म्हणून वापर झाला. पुढे १८६७ मध्ये याच ठिकाणी फ्रान्झ जोसेफ यांना हंगेरीचा राजा म्हणून मुकुट चढवण्यात आला. दुसरी जागा फिशरमन्स बास्टियन. दिसते मध्ययुगीन किल्ल्यासारखी. प्रत्यक्षात ती १९व्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतली आणि १९०२ मध्ये पूर्ण झाली. तिचे सात बुरूज इथे येऊन वसलेल्या सात मग्यार टोळ्यांचे प्रतीक मानले जातात. वरच्या गच्चीला तिकीट असते. मात्र समोरच्या पार्लमेंटचे आणि नदीचे दृश्य खालच्या मोफत भागातूनही तितकेच चांगले दिसते. रस्ते गोट्यांच्या फरसबंदीचे आहेत. ज्येष्ठांनी चामड्याच्या गुळगुळीत तळव्याचे बूट टाळावेत, व्हीलचेअर असेल तर ढकलणारा माणूस सोबत असावाच.

पार्लमेंट आतून पाहावे का?

वेळ आधी राखून ठेवली असेल तर जरूर, नाहीतर बाहेरूनच. इम्रे श्टाइंडल यांच्या आराखड्यानुसार १८८५ मध्ये सुरू झालेले बांधकाम १९०४ मध्ये संपले. इमारतीची लांबी २६८ मीटर, खोल्या ६९१ आणि घुमटाची उंची ९६ मीटर. हा ९६चा आकडा शहरात वारंवार भेटतो. मग्यार लोक या भूमीत आले ते इ. स. ८९६ मध्ये, असे मानून १८९६ मध्ये सहस्राब्दीचा मोठा सोहळा झाला होता. सेंट स्टीफन्स बॅसिलिकाची उंचीही ९६ मीटरच आहे. मुलांना हा आकडा सांगून ‘आणखी कुठे ९६ सापडते’ ते शोधायला लावले, तर चालण्याचा कंटाळा निम्मा होतो.

घुमटाखालच्या दालनात हंगेरीचा राजमुकुट ठेवला आहे. त्याच्यावरचा क्रॉस वाकडा आहे. महायुद्धानंतर हा मुकुट अमेरिकेच्या ताब्यात होता आणि १९७८ मध्ये तो परत मिळाला. या दालनात फोटो काढू देत नाहीत. आतील फेरी ठरलेल्या वेळेलाच असते आणि हंगामात तिकिटे कित्येक दिवस आधी संपतात. युरोपीय महासंघाच्या नागरिकांना तिकीट स्वस्त आणि इतरांना महाग असते. भारतीय पासपोर्टधारक दुसऱ्या गटात येतात, हे सहा जणांचा खर्च मांडताना लक्षात ठेवावे.

काठावरचे लोखंडी बूट : मुलांना काय सांगावे?

पार्लमेंट आणि चेन ब्रिज यांच्या मध्ये, अगदी पाण्याच्या कडेला, लोखंडाच्या बुटांच्या ६० जोड्या ठेवलेल्या आहेत. पुरुषांचे, स्त्रियांचे आणि लहान मुलांचेही. चित्रपट दिग्दर्शक जान तोगाय यांच्या कल्पनेतून आणि शिल्पकार ज्युला पाउएर यांच्या हातून २००५ मध्ये हे स्मारक साकारले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ‘अॅरो क्रॉस’ या हंगेरियन फॅसिस्ट संघटनेच्या सशस्त्र लोकांनी नागरिकांना, प्रामुख्याने ज्यूंना, या काठावर उभे करून गोळ्या घातल्या. त्याआधी त्यांना बूट काढायला लावले जात होते. युद्धाच्या टंचाईत बुटांना किंमत होती. देह नदीत वाहून जात.

बसच्या फेरीत हे ठिकाण अनेकदा फक्त खिडकीतून दाखवले जाते, कारण तिथे बस थांबवायला जागा नाही. स्वतः जाणाऱ्यांनी वाहता रस्ता सिग्नलवरच ओलांडावा. इथे कठडा नाही. लहान मुलांचा हात सोडू नये.

मुले सोबत असली की पालकांची अडचण होते. न सांगता पुढे निघून जावे, की सांगावे? फार लहान मुलांना ‘इथे काही माणसांना मारले, त्यांची आठवण म्हणून हे बूट’ एवढे पुरते. दहा-बारा वर्षांच्या मुलांना मात्र खरे कारण सांगता येते. शेजारी राहणाऱ्या माणसांनाच आधी वेगळे ठरवले गेले, मग त्यांचे हक्क काढून घेतले गेले आणि शेवटी जीव. शाळेच्या पुस्तकात हिटलर एका परिच्छेदात येतो; इथे तो लहान मुलाच्या बुटाच्या मापात दिसतो. बुटांत पाय घालून फोटो काढण्याचा मोह अनेक पर्यटकांना होतो. तो कटाक्षाने टाळावा. पर्यटक तिथे फुले आणि मेणबत्त्या ठेवतात. काही मिनिटे शांत उभे राहणे एवढीच या जागेची अपेक्षा आहे.

चालणे कमी आणि पाहणे जास्त, हे कसे जमेल?

दोन साध्या उपायांनी. पहिला म्हणजे २ क्रमांकाची ट्राम. पेस्टच्या काठाने धावणारी ही ट्राम पार्लमेंट, चेन ब्रिज आणि मध्यवर्ती बाजारपेठ यांना जोडते. नदीच्या बाजूची जागा मिळाली तर किल्ला, गेलर्ट टेकडी आणि पूल असे सारे शहर बसल्याजागी दिसते. खासगी बसफेरीच्या तुलनेत तिकिटाचा खर्च अगदी किरकोळ आहे.

दुसरा उपाय मुलांना आवडणारा. १८९६ मध्ये सुरू झालेली मेट्रोची एक क्रमांकाची मार्गिका ही युरोपच्या मुख्य भूमीवरील पहिली भुयारी रेल्वे.  स्थानके रस्त्याच्या अगदी खाली, म्हणजे काही पायऱ्या उतरल्या की फलाट. डबे छोटे, पिवळे. आन्द्राशी मार्गाखालून ती हीरोज स्क्वेअरपर्यंत जाते. २००२ मध्ये हा मार्ग आणि ही मेट्रोही जागतिक वारशात समाविष्ट झाली. कागदी तिकीट घेतले असेल तर ते यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यावा लागतो. तिकीट खिशात असूनही शिक्का नसेल तर दंड होतो आणि तपासनीस पर्यटक म्हणून सूट देत नाहीत.

घरातल्या चित्रप्रेमींसाठी एक संदर्भ महत्त्वाचा. चित्रकार अमृता शेरगिल यांचा जन्म ३० जानेवारी १९१३ रोजी याच शहरात झाला. त्यांची आई हंगेरियन होती. मुलांसाठी दुसरा संदर्भ : घरोघरी असणारा रुबिक्स क्यूब १९७४ मध्ये बुडापेस्टमधील प्राध्यापक एर्नो रुबिक यांनी तयार केला.

शाकाहारींनी काय खावे?

लिबर्टी ब्रिजच्या पेस्ट टोकाला १८९७ मधील मध्यवर्ती बाजारपेठ आहे. खाली लाल पॅप्रिका मिरची, लसूण, भाज्या आणि मांस. वरच्या मजल्यावर खाण्याचे ठेले आणि भरतकामाच्या वस्तू. ‘लांगोश’ हा इथला लोकप्रिय पदार्थ म्हणजे तळलेली मोठी पोळी, आपल्या भटुऱ्याची जवळची बहीण. वर लसूण, आंबट साय आणि किसलेले चीज. काही ठिकाणी तळण्यासाठी किंवा स्वयंपाकात डुकराची चरबी वापरतात, तेव्हा विचारून घ्यावे. ‘गुयाश’ म्हणजे गुलाश हे भाजीचे नाव वाटले तरी ते मुळात गोमांसाचे सूप आहे. निखाऱ्यावर गुंडाळून भाजलेला, साखरेत घोळवलेला ‘क्युर्तोशकलाच’ हा नळकांड्यासारखा गोड पाव मुलांना हमखास आवडतो. अंडे चालत नसेल तर तोही विचारूनच घ्यावा.

हंगेरी युरोपीय महासंघात असली तरी तिथले चलन फोरिंट आहे, युरो नव्हे. पर्यटकांच्या दुकानांत युरो घेतात, पण भाव दुकानदाराचा असतो. कार्डाच्या यंत्रावर ‘रुपयांत आकारणी करायची का’ असा पर्याय आला तर फोरिंटच निवडावे. रुपयांतील दर बहुतेकदा महाग पडतो.

रात्रीच्या बोटीतून फिरणे सुरक्षित आहे का?

दिव्यांनी उजळलेले पार्लमेंट पाण्यातून पाहणे हा या थांब्याचा कळस असतो. अनेक क्रूझ जहाजे मुद्दाम अंधार पडल्यावर शहरातून फेरी मारतात. न मारणाऱ्या जहाजांचे प्रवासी छोट्या बोटी घेतात. त्याच नदीत २९ मे २०१९ च्या रात्री मोठा अपघात झाला. मुसळधार पावसात मार्गारेट ब्रिजखाली एका मोठ्या क्रूझ जहाजाची धडक बसून ‘हॅबलेआन्य’ ही छोटी पर्यटक बोट काही सेकंदांत बुडाली. बोटीवर दक्षिण कोरियाचे ३३ जण आणि दोन हंगेरियन कर्मचारी होते. त्यांपैकी केवळ सात जण वाचले. मृतांमध्ये सहा वर्षांची एक मुलगीही होती. क्रूझ जहाजाच्या कप्तानाला २०२३ मध्ये न्यायालयाने साडेपाच वर्षांची शिक्षा सुनावली.

याचा अर्थ बोटीत बसू नये असा नाही. रोज असंख्य फेऱ्या सुखरूप होतात. पण पाऊस आणि वारा असेल, नदीला पाणी चढलेले असेल तर छोट्या बोटीची फेरी सोडून द्यावी, पैसे गेले तरी. लाइफ जॅकेट कुठे आहे हे बसल्याबरोबर पाहावे, मुलांच्या मापाचे मागावे. हेच दृश्य काठावरच्या बाकावरून किंवा जहाजाच्या गच्चीवरूनही दिसते.

नदीला पाणी कमी-जास्त झाले तर?

क्रूझच्या जाहिरातीत न दिसणारा हा भाग आहे. पावसाळ्यात सांगलीकरांचे लक्ष आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीवर असते, तसे इथे कप्तानांचे लक्ष बुडापेस्टच्या पातळीवर असते. जून २०१३ मध्ये ती ८.९१ मीटरवर गेली, हा विक्रम. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘बोरिस’ वादळानंतर ती ८.३० मीटरपर्यंत पोहोचली. उलट ऑक्टोबर २०१८ मध्ये ती अवघी ३३ सेंटिमीटर होती. हा आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे. ठरावीक खुणेपासून मोजलेली ती उंची आहे. २०२२ च्या दुष्काळात सर्बियातील प्राहोवोजवळ दुसऱ्या महायुद्धात बुडवलेली जर्मन जहाजे पाण्याबाहेर दिसू लागली होती.

पाणी वाढले की जहाजाला पुलाखालून जाता येत नाही. पाणी घटले की तळ टेकतो. जर्मनीतील श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा धरणे नसलेला टप्पा उथळ पाण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. अशा वेळी प्रवाशांना बसने पुढच्या शहरात नेऊन तिथे उभ्या असलेल्या दुसऱ्या जहाजात बसवले जाते किंवा जहाज एकाच जागी हॉटेलसारखे उभे राहते. बुडापेस्टचा दिवस मग अर्धा होतो, कधी रद्दही. कंपन्यांच्या अटींमध्ये मार्ग बदलण्याचा अधिकार बहुधा त्यांच्याकडे राखलेला असतो. म्हणून पैसे भरण्याआधी तीन प्रश्न लेखी विचारावेत : थांबा रद्द झाल्यास परतावा मिळतो का, बसप्रवासाचे दिवस भरपाईत धरतात का आणि प्रवास विम्यात पाणीपातळीमुळे होणारा बदल समाविष्ट आहे का. परतीचे विमान जहाज सुटण्याच्या दिवशीच नसावे. एक दिवस हाताशी ठेवला तर पूर आला तरी घरी परतणे चुकत नाही.

व्हिसाच्या बाबतीत कोणती चूक होते?

जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया आणि हंगेरी हे चारही देश शेंगेन क्षेत्रात आहेत. अर्ज ज्या देशात सर्वाधिक दिवस मुक्काम आहे त्या देशाकडे करायचा असतो. दिवस सारखे असतील तर जिथे प्रथम प्रवेश होतो त्या देशाकडे. क्रूझमध्ये मुक्काम जहाजावर असल्याने हा हिशेब चुकतो आणि अर्ज भलत्याच देशाकडे जातो. कंपनीकडून दिवसनिहाय मार्ग लेखी घ्यावा. प्रौढांसाठी व्हिसा शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ते निम्मे आणि त्याखालील मुलांना माफ असते.

क्रूझ बुडापेस्टपुढे बेलग्रेडला जाणार असेल तर प्रवासी शेंगेनबाहेर पडतात, कारण सर्बिया त्यात नाही. पुढे बल्गेरिया, रोमानियात शिरताना पुन्हा शेंगेन प्रवेश होतो. त्यामुळे एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही. काही जहाजांवर पासपोर्ट स्वागत कक्षात जमा करून घेतात. शहरात फिरताना त्याची प्रत आणि जहाजाचे कार्ड प्रत्येकाच्या खिशात असावे, मुलांच्याही.

शहरांना हे पाहुणे हवे आहेत का?

सर्वच शहरांना तितकेसे नाही. जहाजात झोपणारा आणि जेवणारा पर्यटक हॉटेल आणि उपाहारगृहांत कमी खर्च करतो, पण गर्दी मात्र वाढवतो, अशी तक्रार आहे. अॅमस्टरडॅमने नदीवरील क्रूझ जहाजांची संख्या २०२८ पर्यंत निम्म्यावर आणण्याचे जाहीर केले आहे. बुडापेस्टमध्ये रोष घरांवरून आहे. तेरेझवारोश या मध्यवर्ती प्रभागात २०२४ मध्ये झालेल्या मतदानात रहिवाशांनी पर्यटकांना अल्पकाळ घरे भाड्याने देण्यावर बंदीच्या बाजूने कौल दिला. ही बंदी जानेवारी २०२६ पासून लागू करण्याचे ठरले. अशा वेळी जहाजावरचे एक जेवण सोडून बाजारात खाणे, ट्रामचे तिकीट काढणे, मिरची थेट विक्रेत्याकडून घेणे यातून थोडा तरी पैसा शहराच्या हाती जातो.

मग काय सोडावे?

तीन पिढ्यांच्या कुटुंबासाठी यादी छोटी असावी. सकाळी किल्ल्याची टेकडी, दुपारी जहाजावर जेवण आणि विश्रांती, चारनंतर २ क्रमांकाची ट्राम, लोखंडी बूट, बाजार आणि अंधार पडल्यावर गच्चीवरून दिवे. दिवस भरला. गरम पाण्याची स्नानगृहे हे शहराचे मोठे आकर्षण खरे, पण त्यांना अर्धा दिवस लागतो आणि मुलांसाठी वयाचे नियमही असतात. मुक्काम वाढवणार असाल तरच तिकडे जावे. हीरोज स्क्वेअर मेट्रोतून जमला तर ठीक, नाहीतर राहू द्यावा. घरातले सगळे एकत्र बाहेर पडलेच पाहिजेत असेही नाही. जहाज मध्यवस्तीत असण्याचा खरा उपयोग हाच की आजोबा गच्चीवर बसून पूल पाहू शकतात आणि नातवंडे मेट्रोत बसून येतात. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर दोघांकडेही सांगण्यासारखे काहीतरी असते.